आर्किटेक्चरची पदवी आहे, पण प्रॅक्टिस करायची नाही – मग नेमकं काय?

अर्धीवीट

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि उत्तर म्हणून एकच यादी फिरत असते: इंटिरियर, ग्राफिक डिझाइन, फोटोग्राफी, शिकवणं. यादीला हरकत नाही, पण तिचा उपयोग शून्य. त्या कामात दिवसभर हात कशात असतात, कुठलं सॉफ्टवेअर किती खोलवर लागतं, पहिल्या महिन्यात माणूस कुठे तोंडावर आपटतो, हे कुणी सांगत नाही.

म्हणून विनंती की जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातला एखादा तुकडा अगदी जवळून दाखवावा, आकड्यांसकट. "पॅशन असेल तर सगळं जमतं" छापाचे प्रतिसाद नकोत. शेवटी पोर्टफोलिओचाही प्रश्न आहेच.

ओळंबा

पहिली व्यावहारिक सूचना. नोकरीच्या संकेतस्थळावर "आर्किटेक्ट" टाकून शोधू नका. क्लाउड आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट, सोल्युशन आर्किटेक्ट असे सगळे येतील, विटेला हात लावणारा एकही नसेल.

पोटमाळा

यात बिम (इमारतीचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल) कोऑर्डिनेशन सर्वात वर ठेवेन. पदवीतलं ज्ञान सगळ्यात कमी वाया जातं ते इथे.

काम काय? आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल यांची वेगवेगळी मॉडेल्स येतात. ती नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्री या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायची, कोण कुणात घुसलंय (म्हणजे क्लॅश) ते शोधायचं आणि दर आठवड्याच्या बैठकीत ते सोडवून घ्यायचं. पहिल्यांदा क्लॅश टेस्ट चालवली की चार हजार क्लॅश दिसतात आणि नवखा माणूस ते चारही हजार एक्सेलमध्ये ओतून सगळ्यांना पाठवतो. तिथेच त्याची पत जाते, कारण त्यातले बहुतेक एकाच चुकीची पिल्लं असतात. एक डक्ट १०० मिमी खाली आलेला असतो आणि तो वाटेतल्या चाळीस पाइपांना अडतो. चाळीस ओळींची ती एकच तक्रार. गट पाडणं हेच खरं काम.

कुणी हलायचं याचाही क्रम ठरलेला असतो. स्ट्रक्चर जागचं हलत नाही. मग उताराची ड्रेनेज लाइन, कारण १:१०० चा उतार सांभाळायचा तर तिला वर-खाली करता येत नाही. त्यानंतर मोठे डक्ट, मग केबल ट्रे, आणि शेवटी दाबाने पाणी नेणारे बारीक पाइप, जे कसेही वळतात. हा क्रम ज्याला कळतो तो बैठक चालवतो. ज्याला नुसतं सॉफ्टवेअर येतं तो बैठकीत बटणं दाबतो.

हमखास होणाऱ्या चुका दोन. पहिली कोऑर्डिनेट्सची. एकाने सर्व्हे पॉइंट (जमिनीच्या मोजणीतला खरा बिंदू) धरून मॉडेल पाठवलं, दुसऱ्याने इंटर्नल ओरिजिन (सॉफ्टवेअरचा स्वतःचा शून्यबिंदू) धरून, की दोन मॉडेल्स एकमेकांपासून मैलभर लांब पडतात. शिवाय रेव्हिट या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओरिजिनपासून १६ किमीच्या पलीकडे भूमिती बिघडायला लागते, त्यामुळे सर्व्हेचे खरे आकडे थेट मॉडेलच्या अंगावर ओढून घ्यायचे नाहीत, शेअर्ड कोऑर्डिनेट्सनेच (सगळ्या मॉडेल्सनी मिळून धरलेल्या संदर्भाने) जोडायचे. दुसरी चूक इन्सुलेशनची. डक्ट मॉडेलमध्ये असतो, त्यावरचं २५ ते ५० मिमी जाडीचं आवरण नसतं. पडद्यावर सगळं मोकळं दिसतं आणि साइटवर छत बंद होत नाही.

शिकायला रेव्हिट, नेव्हिसवर्क्स, आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना चालणारा मॉडेलचा फॉरमॅट) एक्स्पोर्टचं मॅपिंग, बीसीएफ (मॉडेलवरच्या तक्रारींच्या) फाइल्स, आणि बिमच्या माहिती व्यवस्थापनाचं मानक आयएसओ १९६५० याचे २०१८ साली आलेले पहिले दोन भाग तरी वाचून ठेवा.

काटकोन

असहमत. नवं नाव दिलेली जुनी ड्राफ्टिंगचीच खोली आहे ती. डिझाइनपासून पळ काढून दुसऱ्याच्या डिझाइनमधल्या चुका मोजत बसायचं.

पोटमाळा

@काटकोन, धागाकर्त्यांना प्रॅक्टिस करायची नाहीये, तेव्हा "डिझाइन नाही" ही तक्रार इथे बाद. पण अर्धी गोष्ट मान्य. नुसती मॉडेल्स बनवणारा माणूस आणि कोऑर्डिनेटर यांत फरक आहे. पहिल्या जागेवर दोन वर्षांच्या वर रेंगाळू नका.

झरोका

प्रकाशयोजना कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

सुरुवात अगदी साध्या हिशेबाने होते. ऑफिसची खोली १० × ६ मीटर, म्हणजे ६० चौ.मी. टेबलावर सरासरी ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) हवेत. एका दिव्यातून ३६०० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) बाहेर पडतात. खोलीचा आकार आणि रंग पाहून युटिलायझेशन फॅक्टर (दिव्याच्या प्रकाशातला टेबलापर्यंत पोचणारा वाटा) ०.६ धरला, धूळ आणि दिवा म्हातारा होण्याबद्दल मेंटेनन्स फॅक्टर ०.८. मग दिवे = (५०० × ६०) ÷ (३६०० × ०.६ × ०.८) = १७.४, म्हणजे १८. मांडणी ६ × ३. भिंतीपासूनचं अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराच्या निम्मं.

हे पाच मिनिटांत झालं. इथून पुढे खरं काम सुरू होतं. डायलक्स किंवा रिलक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिव्याची आयईएस फाइल (प्रकाश कुठल्या दिशेला किती पडतो याची नोंद) टाकून बघायची. सरासरी ५०० आली तरी कोपऱ्यात १८० असू शकतात, म्हणून समानता तपासायची. डोळ्याला खुपणाऱ्या चकाकीचा निर्देशांक, यूजीआर, ऑफिसात १९ च्या आत हवा. मग भिंती. आडव्या पृष्ठभागावर नियमाइतके लक्स आहेत, पण उभ्या भिंती काळोख्या ठेवल्या, तर माणसं "इथे अंधार वाटतो" म्हणतात आणि मीटर दाखवून त्यांचं समाधान होत नाही. डोळा भिंती बघतो, टेबल नाही. आर्किटेक्चर शिकलेल्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही, तिथेच तो पुढे असतो.

जिथे तो मागे असतो ते म्हणजे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग), डिमिंग आणि कंट्रोल. एलईडी छान, डिमर छान, पण दोघांची भाषा वेगळी: एक डाली (डिजिटल आदेशांनी), दुसरा फेज-कट (विजेची लहर कापून). मंद केला की दिवा लुकलुकतो. शिवाय ड्रायव्हर ठेवायला छतात जागा आणि तिथे पोचायला झडप ठेवलेली नसते. पहिल्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास विसरलं जातं.

टी_स्क्वेअर

याला इलेक्ट्रिकलची पदवी लागत नाही का?

झरोका

प्रकाश ठरवायला नाही. वायरचा आकार, लोड आणि संरक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअर ठरवतो आणि सही त्याचीच. तुम्ही दिव्यांचं वेळापत्रक, कंट्रोलचे गट आणि मांडणी देता. त्याच्या आखणीत हात घालायचा नाही, फक्त त्याला भाग पाडायचं की स्विच दारामागे येऊ नये.

घुमट

झरोकांच्या प्रतिसादाला जोडून ध्वनी. या क्षेत्रात माणसं कमी आणि गैरसमज भरपूर.

मूळ सूत्र सबाइनचं. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात काहीच ऐकू येत नव्हतं. भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालं: गुंजनकाळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण.

एक वर्ग घ्या, ९ × ७ × ३.२ मीटर. घनफळ २०१.६ घ.मी. रिकाम्या, गिलावा केलेल्या वर्गात फर्निचर धरून शोषण २७ चौ.मी. आलं, तर गुंजनकाळ १.२ सेकंद. शिक्षकाचा एक शब्द विरायच्या आत पुढचे तीन बोलून होतात. हवेत ०.६, म्हणजे शोषण दुप्पट: आणखी २७. शोषणांक ०.७ चं छत लावलं आणि आधीच्या छताचं ०.०५ वजा केलं, तर ४१–४२ चौ.मी. लागेल. छत ६३ चौ.मी. आहे, म्हणजे दोन तृतीयांश. सगळं छत झाकायची गरज नाही, मधला भाग कडक ठेवला तर शिक्षकाचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला मदतच होते.

आता सगळ्यात मोठा घोटाळा. शोषण आणि रोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीला फोम चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही. फोम खोलीतला प्रतिध्वनी खातो. आवाज अडवायला वजन लागतं, हवाबंदपणा लागतो, दोन थरांमध्ये तुटलेपण लागतं. कितीही भारी भिंत बांधा, दाराखाली १० मिमी फट ठेवली की झालं, आवाज तिथून बिनदिक्कत येतो. भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबॉक्स हे दुसरं भोक. अशी भोकं नकाशावर शोधता येणं हेच सल्लागाराचं पोट.

ओळंबा

म्हणजे अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणारे सगळे...

घुमट

त्यांच्याकडे ट्रे चिकटवलेली भिंत आहे. बाकी काही नाही.

जिना

व्हिडिओ गेममधलं एन्व्हायर्न्मेंट आणि लेव्हल डिझाइन. आर्किटेक्ट तिथे मोठ्या आत्मविश्वासाने येतात आणि पहिल्याच आठवड्यात खऱ्या मापांनी घर बांधून ठेवतात. मग ते चालवून बघतात आणि घर बाहुलीचं वाटतं.

कारण साधं आहे. अनरियल या गेम बनवायच्या इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे १ सेंमी. खेळाडूचं शरीर म्हणजे प्रत्यक्षात एक कॅप्सूल: मूळ सेटिंगमध्ये त्रिज्या ३४ आणि अर्धी उंची ८८, म्हणजे ६८ सेंमी रुंद आणि १७६ उंच. ९० सेंमीच्या दारात दोन्ही बाजूंना ११ सेंमीच उरतात. पळता पळता खेळाडू चौकटीला अडकतो. त्यात कॅमेरा पाठीमागे तीन-चार मीटरवर लोंबकळत असतो. १.२ मीटरच्या बोळात वळलात की तो भिंतीत घुसतो किंवा एकदम डोक्याशी येऊन आदळतो. म्हणून दारं १२० ते १५०, बोळ अडीच मीटरच्या पुढे, छत साडेतीन-चार मीटर. घर बरोबर "वाटायला" माप चुकवावं लागतं.

जिन्याचंही तसंच. मूळ सेटिंगमध्ये पात्र ४५ सेंमीपर्यंतची पायरी चढतं, आणि साधारण ४५ अंशांपर्यंतचा उतार. तेव्हा १५ सेंमीची पायरी चढायला अडचण काहीच नाही, पण प्रत्येक पायरीला कॅमेरा उचक्या देतो. म्हणून दिसायला पायऱ्या ठेवायच्या आणि टक्कर मोजायला वर एक अदृश्य उतार टाकायचा.

दाखवायचं काय, तर रेंडर नाही. ग्रे-बॉक्स. टेक्श्चर नसलेली, करड्या ठोकळ्यांची एक लेव्हल, जी दहा मिनिटं खेळता येते, आणि तिच्यातून अनोळखी माणूस बाणाशिवाय वाट काढतो. प्रकाश, उंचवटा, चौकटीतून दिसणारी दूरची खूण, हे सगळं पदवीत घोटून घेतलेलं असतं. सोबत पात्रं कुठे अडकली आणि त्यावर काय बदललं हे दोन ओळींत लिहा. शिवाय मॉड्युलर किट (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) ४ × ४ मीटरच्या जाळीवर बसवता यायला हवं, आणि पिव्हट (ज्या बिंदूला धरून तुकडा फिरतो तो) कोपऱ्यात ठेवायचा की मध्यात, हेही माहीत हवं.

मखर

@जिना यांच्या उलट आमच्या चित्रपट-मालिकांच्या सेटवर: इथे माप बरोबर असतं, पण भिंत खोटी. प्लायच्या २.४४ × १.२२ मीटर पाट्या लाकडी चौकटीवर, मागून टेकू. प्रत्येक आराखड्यात पहिला प्रश्न असा की यातली कुठली भिंत काढता येते? कॅमेऱ्याला मागे जायला जागा हवी म्हणून किमान एक भिंत तरी सुटी ठेवतात. छत बहुधा अर्धंच, कारण वरून दिवे येतात.

आर्किटेक्टची ठरलेली चूक म्हणजे पक्कं बांधणं. सेट तीन दिवस उभा राहणार आणि चौथ्या दिवशी मोडणार, त्याला साच्यातले कोपरे लागत नाहीत. दुसरी चूक दाराची. कलाकाराने दार आपटलं की सगळी भिंत थरथरते आणि शॉट वाया. दाराच्या चौकटीला वेगळा टेकू आणि त्यावर वजन, बाकी भिंत हलकी चालेल. तिसरी, डॉलीचा (कॅमेरा सरकवायच्या गाडीचा) रूळ साधारण ६२ सेंमी रुंद असतो. त्यावर माणूस बसलेला असताना ७५ सेंमीच्या दारातून ते प्रकरण जाणार आहे का, हे नकाशावरच तपासा.

आणि जुनेपणा. नवी भिंत कॅमेऱ्यात प्लास्टिकची दिसते. हात लागतो त्या उंचीवर मळ, खिडकीखाली ओघळ, स्विचभोवती काळपट वर्तुळ. घर कसं वापरलं गेलंय हे माहीत नसेल तर हा मळ चुकीच्या जागी पडतो.

काटकोन

एका बाजूला दार मोठं करून घर खरं वाटवणारे, दुसरीकडे खऱ्या मापाची खोटी भिंत बांधणारे. पाच वर्षं आम्ही उगाच स्टॅटिक्स घोकलं. हलकेच घ्या.

टाचणी

यूएक्स (ॲप-संकेतस्थळं वापरायला सोपी करण्याचं डिझाइन) कुणी घेतलं नाही अजून? मी घेतो. अवांतर आधी. क्रिस्टोफर अलेक्झांडर हा वास्तुरचनाकार, त्याची "पॅटर्न" (वारंवार येणाऱ्या अडचणीचं पुन्हा वापरता येणारं उत्तर) ही कल्पना १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणली. आणि कनिंगहॅमने अशा पॅटर्नांचा संग्रह करायला १९९५ मध्ये जे संकेतस्थळ काढलं, ते जगातलं पहिलं विकी. तेव्हा विकीवर काही वाचताना एका आर्किटेक्टला मनात नमस्कार करा.

मुद्दा: यूएक्समध्ये जाताना "आम्ही माणसांसाठी डिझाइन करतो" हे वाक्य मुलाखतीत म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. कामाचं असं की बटणाचा स्पर्शक्षेत्र आयफोनवर किमान ४४ पॉइंट किंवा अँड्रॉइडवर ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं), मजकुराचा कॉन्ट्रास्ट ४.५:१, आणि एका पानाच्या सहा स्थिती: रिकामं, लोड होणारं, अर्धवट भरलेलं, भरलेलं, चूक झालेलं, परवानगी नसलेलं. आर्किटेक्ट भरलेलं पानच सुंदर काढतो आणि उरलेली पाच विसरतो, कारण इमारतीचं चित्रही आपण पूर्ण झालेलंच काढतो.

झरोका

"स्पर्शक्षेत्र" नपुंसकलिंगी. बाकी प्रतिसाद आवडला.

टाचणी

टंकताना झालं. आता संपादन करता येत नाही, राहू दे.

पोटमाळा

यूएक्सबद्दल एक शंका. तिथे गर्दी फार झाली आहे. पदवीचा फायदा घ्यायचा तर निव्वळ ॲपपेक्षा इमारतींशी जोडलेलं सॉफ्टवेअर बघा: बिमची साधनं, सुविधा व्यवस्थापन, मोठ्या इमारतीत वाट दाखवणारी दिशादर्शक व्यवस्था. तिथे फ्लोअर प्लॅन वाचता येणारा डिझायनर सहज मिळत नाही.

रंधा

हाताने काही बनवायचं असेल तर सीएनसी (संगणकाने चालणारं कापायचं यंत्र) आणि फर्निचर. सॉफ्टवेअर सहा आठवड्यांत येतं, लाकूड येत नाही.

१८ मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय मोजा. १७.६ निघेल, दुसऱ्या गठ्ठ्यात १८.२ निघेल. ड्रॉइंगमध्ये १८ ची खाच काढलीत तर एक जोड खिळखिळा आणि दुसरा आत शिरतच नाही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातून एक पट्टी घ्या आणि तिच्यात १७.५ पासून १८.४ पर्यंत ०.१ च्या फरकाने दहा खाचा पाडून बघा. हाताने दाबून बसेल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही ती खाच खरी. फाइलमध्ये जाडी ही एकच बदलती संख्या ठेवा, सॉफ्टवेअर ग्रासहॉपर असो की फ्यूजन.

गोल फिरणारं पातं आतला कोपरा काटकोनी करू शकत नाही. ६ मिमीच्या पात्याने आत ३ मिमीची गोलाई राहते आणि चौकोनी जीभ बसत नाही. कोपऱ्यात कुत्र्याच्या हाडासारखं टोक बाहेर काढावं लागतं. ते दिसू नये असं वाटत असेल तर जोडाच्या दिशेला दडवा.

कापायचा क्रम: आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. उलट केलंत तर सुटा झालेला तुकडा सरकतो आणि भोक वाकडं पडतं. लहान तुकड्यांना तीन-चार टॅब (पाटीला धरून ठेवणारे न कापलेले पूल) ठेवा, नाहीतर पात्याने उडवलेला तुकडा अंगावर येतो. दोन तुकड्यांमध्ये पात्याचा व्यास अधिक दोन-चार मिमी.

काटकोन

@रंधा, "सॉफ्टवेअर सहा आठवड्यांत येतं" यावर वेगळा धागा काढावा लागेल.

ओळंबा

यादीत रॉक बँड राहिला. पिंक फ्लॉइडमधले तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकायला आले तेव्हा एकमेकांना भेटले.

टी_स्क्वेअर

आणि फॅशन डिझायनर व्हर्जिल ॲब्लो. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून २००६ ला आर्किटेक्चरची मास्टर्स, २०१८ ला लुई व्हितोंच्या पुरुष विभागाचा कलादिग्दर्शक. पण "कपडे शिवा" हा सल्ला म्हणून किती उपयोगी, ते धागाकर्त्यांनी ठरवावं.

मोजपट्टी

अवांतर आवरा. सगळे देखण्या गोष्टींच्या मागे, म्हणून कंटाळवाणी पण भरवशाची एक: परिमाण (कुठलं साहित्य किती लागेल) आणि खर्चाचा अंदाज.

लोखंडाचं वजन काढायला एकच सूत्र डोक्यात हवं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, किलो प्रति मीटर. १२ मिमीची सळी म्हणजे ०.८८९. मग चूक कुठे होते? जोडांत. सळ्या बहुधा १२ मीटरच्या येतात, त्यापेक्षा लांब बीममध्ये जोड लागतो, आणि एका जोडाला व्यासाच्या ४० ते ५० पट सळी जास्तीची जाते. ते धरलं नाही तर मोठ्या कामात टनावारी फरक पडतो.

मॉडेलवरून आपोआप परिमाण काढणाऱ्यांसाठी: आधी मॉडेल स्वच्छ आहे का बघा. भिंत स्लॅबमध्ये घुसलेली असेल तर काँक्रीट आणि विटा दोन्ही त्याच जागी मोजल्या जातात. बीम आणि स्तंभाच्या सांध्यात तोच खेळ. एक मजला हाताने मोजायचा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडायचा. दोन टक्क्यांच्या वर फरक आला तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. टाइल्सना सरळ मांडणीत ५ ते १० टक्के जास्त धरा, तिरप्या मांडणीत १५.

बाकी लोक म्हणतात यात सर्जनशीलता नाही. नाहीच. पण "हे डिझाइन दहा टक्क्यांनी महाग आहे, आणि त्यातले सात या एका कोपऱ्यामुळे" असं सांगणाऱ्याचं सगळे ऐकतात.

ओटा

अपंगत्व आणि सुलभता सल्लागार हाही एक रस्ता, थोडक्यात लिहिते. ४५० मिमी उंचीच्या ओट्याला १:१२ ने उतार द्यायचा तर ५.४ मीटर लांबी, वर-खाली सपाट जागा वेगळी, वळायला साधारण १५०० मिमीचं वर्तुळ. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते दाराच्या कडीच्या बाजूला. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने दार स्वतःकडे ओढायचं तर कडीजवळ भिंतीची मोकळी बाजू किमान ४५०–६०० मिमी हवी. ती नसेल तर १:१२ चा सुंदर उतार चढून माणूस बंद दारासमोर अडकतो. नकाशे तपासून असे अहवाल लिहिणं हे पूर्ण वेळचं काम आहे.

टाचणी

व्हिज्युअलायझेशनबद्दल (न बांधलेल्या इमारतीची खरी वाटणारी चित्रं, म्हणजे रेंडर) कुणीच बोललं नाही, यातच काय ते आलं. चित्र आता यंत्र काढतं.

मखर

चित्र काढतं, पण तीच इमारत तीन कोनांतून काढायला सांगा. खिडक्या एका चित्रात सात, दुसऱ्यात आठ. ग्राहकाला मंजुरीसाठी दाखवायचं चित्र मॉडेलशी जुळावं लागतं. काम कमी झालंय हे खरं, पण उरलेल्यात चूक शोधणारा डोळा जास्त लागतो. रेंडरमध्ये पांढरी भिंत पूर्ण १.० पांढरी (काळा ०, शुभ्र पांढरा १) ठेवू नका, ०.८ च्या वर गेलात की सावल्या मरतात. कॅमेरा १.५–१.६ मीटरवर, उभ्या रेषा उभ्याच. कडांना एक-दोन मिमीची गोलाई, नाहीतर वस्तू कागदाच्या वाटतात. आणि ए३ वर ३०० डीपीआयला छापायचं तर ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतील, हे आधी विचारून घ्या, रात्रभर रेंडर लावल्यावर नाही.

अर्धीवीट

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. आता दोन प्रश्न. एक, पोर्टफोलिओ प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळा करायचा का? दोन, यासाठी परत दोन वर्षांची मास्टर्स घ्यावी का?

पोटमाळा

वेगळाच. कॉलेजचा चाळीस पानी पोर्टफोलिओ पाठवू नका. आठ पानं, १० एमबीच्या आत. पहिल्या पानावर कामाचं उत्तर, संकल्पनेची कविता नाही. बिमसाठी: एका लहान इमारतीची तीन मॉडेल्स स्वतः बनवा, मुद्दाम चुका ठेवा, क्लॅशचे गट, आधी आणि नंतरचा सेक्शन, बैठकीच्या टिपणाचं एक पान. गटप्रकल्प असेल तर आपण नेमकं काय केलं ते लिहा. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते बाहेर येतंच.

घुमट

मास्टर्सबद्दल. ध्वनी आणि (इथे न आलेलं) इमारतीच्या ऊर्जावापराचं विश्लेषण या दोन्हींत उपयोग होतो, कारण भौतिकशास्त्र आणि मोजमापाची उपकरणं घरी शिकता येत नाहीत. प्रकाशात झाला तर बरा. गेम, सेट, यूएक्स, बिम, परिमाण यांत काम दाखवा, कागद नको.

मोजपट्टी

एक सावधगिरी. अनेक देशांत "आर्किटेक्ट" हे नाव कायद्याने राखलेलं आहे. नोंदणी नसेल किंवा सोडून दिली असेल तर व्हिजिटिंग कार्डावर ते छापू नका, पदवी लिहा. आणि नोंदणी असेल तर घाईने सोडू नका. नूतनीकरण चालू ठेवणं सोपं, परत मिळवणं कटकटीचं.

अर्धीवीट

मग असं करतो. घुमट यांचा ९ × ७ चा वर्ग घेतो. तोच वर्ग झरोकांच्या सूत्रात, तोच अनरियलमध्ये ग्रे-बॉक्स म्हणून, तोच क्लॅशसाठी. प्रत्येकाला दोन आठवडे. जिथे तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल ते खोडायचं.

प्रकाशाचा हिशेब लगेच करून पाहिला. ५०० लक्स, ६३ चौ.मी., बाकी आकडे तेच. १८.२ आले. म्हणजे १९ दिवे? जाळीत बसत नाहीत. २० लावू का?

झरोका

१८ लावा, ६ × ३. सरासरी ४९४ लक्स येतील. युटिलायझेशन फॅक्टर आपण अंदाजाने ०.६ धरला आहे, त्यामुळे पुढच्या सहा लक्सवर वाद घालण्यात अर्थ नाही. वाचलेले दोन दिवे फळ्याच्या भिंतीला वेगळे लावा, उभ्या पृष्ठभागासाठी, आणि त्यांचा स्विच वेगळा ठेवा. दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर घ्या, म्हणजे खिडकीकडची ओळ दिवसा बंद ठेवता येते.

घुमट

माझ्या बाजूने दुरुस्ती. मी वर दिलेला हिशेब रिकाम्या वर्गाचा आहे. मुलं आली की शोषण वाढतं. माणशी साधारण ०.४ ते ०.५ चौ.मी. धरा. तीस मुलांचे १३ धरले तर एकूण ४०, गुंजनकाळ छत न लावताच ०.८ वर येतो. तरी अहवालात रिकाम्या आणि भरलेल्या वर्गाचे आकडे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि नियम कुठल्या स्थितीसाठी आहे ते आधी वाचा. आणि छतात झरोकांचे १८ दिवे बसल्यावर माझ्या ४२ चौ.मी. मधले किती उरतात, तेही मोजा.

जिना

ग्रे-बॉक्समध्ये वर्गाचं दार १२० करा. आणि बाकांमधली वाट ९० च्या खाली नको.

ओटा

खऱ्या वर्गातही नको.